मुदत संपलेल्या विंडोजची बखर

#थ्रेड #इतिहास

१/
१२ मे २०१७, शुक्रवार. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत संगणकांच्या पडद्यांवर एक लाल चौकट झळकू लागली. आतील सर्व फायली कुलूपबंद झाल्या आहेत, त्या परत हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये खंडणी भरा, असा तिचा मजकूर होता. रुग्णांच्या नोंदी उघडेनात, ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द होऊ लागल्या, आणि पाच भागांतील रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी दूरच्या रुग्णालयांत जावे लागले. ‘वॉनाक्राय’ हे या संकटाचे नाव. थोड्याच दिवसांत सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले.

२/
हल्ला सुरू असतानाच मायक्रोसॉफ्टने एक अनपेक्षित पाऊल उचलले. विंडोज एक्सपी या २००१ सालच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी कंपनीने सुरक्षेचा पॅच सर्वांना विनामूल्य खुला केला. वास्तविक एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती. जिचा आधार तीन वर्षांपूर्वी काढून घेतला, तिच्यासाठी एका रात्रीत औषध आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर ‘मुदत’ ही कल्पना जन्मली कशी, येथून सुरुवात करावी लागेल.

३/
प्रथम पॅच म्हणजे काय ते पाहू. शब्दाचा अर्थ सरळ आहे: ठिगळ. विकून झालेल्या प्रोग्रॅममध्ये दोष आढळला की तेवढाच भाग बदलणारी छोटी दुरुस्ती कंपनी पाठवते. इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वी अशा दुरुस्त्या फ्लॉपीवर वा सीडीवर येत, आणि बहुसंख्य लोकांपर्यंत त्या पोहोचतच नसत. विंडोज ९८ बरोबर ‘विंडोज अपडेट’ ही सोय आली आणि दुरुस्ती तारेवरून घरी येऊ लागली. त्याच तारेवरून धोकाही येणार होता.

४/
२००१ हे वर्ष त्या दृष्टीने कसोटीचे ठरले. जुलैमध्ये ‘कोड रेड’ आणि सप्टेंबरमध्ये ‘निम्डा’ हे संगणक-किडे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांवर तुटून पडले. लगोलग २५ ऑक्टोबरला विंडोज एक्सपी बाजारात आली. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. नवी वैशिष्ट्ये आणि सुरक्षा यांत निवड करण्याची वेळ आली, तर यापुढे सुरक्षा निवडावी, हा त्याचा आशय. संगणक-सुरक्षेच्या इतिहासात हे पत्र मैलाचा दगड मानले जाते.

५/
पत्राने लगेच काही बदलले नाही. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ आला. ११ ऑगस्ट २००३ रोजी ‘ब्लास्टर’ आला. त्याने तर अपडेट देणाऱ्या संकेतस्थळावरच मारा करण्याची योजना आखली होती. येथे तारखा नीट पाहाव्यात. स्लॅमरने वापरलेल्या त्रुटीचा पॅच सहा महिने आधी निघाला होता. ब्लास्टरच्या बाबतीत तो १६ जुलैला, म्हणजे २६ दिवस आधी निघाला होता. औषध तयार होते. रोग्याने ते घेतले नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

६/
या तडाख्यांतून दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने पॅच देण्याचा दिवस ठरवला: दर महिन्याचा दुसरा मंगळवार. संगणक सांभाळणाऱ्यांना त्यामुळे कामाचे वेळापत्रक मिळाले. आणि ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा ‘सर्व्हिस पॅक २’ आला. त्याने बाहेरची घुसखोरी अडवणारी फायरवॉलची भिंत न मागता सुरू करून दिली आणि अपडेट आपोआप घेण्याचा आग्रह धरला. आज आपल्या फोनवर ‘रात्री अपडेट करू का?’ असा प्रश्न येतो, त्या सवयीचा पाया बऱ्याच अंशी या काळात घातला गेला.

७/
याच सुमारास मुदतीचा करार आकाराला आला. ऑक्टोबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आधाराचे लेखी धोरण जाहीर केले आणि २००४ मध्ये ते विस्तारले. त्यात दोन टप्पे होते. पहिला ‘मेनस्ट्रीम’: किमान पाच वर्षे, किंवा पुढील आवृत्ती आल्यानंतर दोन वर्षे, यांपैकी जे अधिक असेल ते. या काळात सुधारणा आणि सर्व प्रकारच्या दुरुस्त्या मिळत. दुसरा ‘एक्स्टेंडेड’: आणखी पाच वर्षे. यात सर्वांना फक्त सुरक्षेचे पॅच मोफत. बाकी दुरुस्त्या हव्या असतील तर पैसे मोजावे लागत. दहा वर्षांची ही एक प्रकारची सनदच होती.

८/
कोणी विचारेल, मुळात मुदत हवीच कशाला? जुने वापरणाऱ्यांना पॅच देत राहायला काय हरकत आहे? येथे कंपनीची अडचण खरी आहे. प्रत्येक जुनी आवृत्ती म्हणजे स्वतंत्र शाखा. नव्या आवृत्तीतील दुरुस्ती जशीच्या तशी जुनीत बसत नाही. ती पुन्हा लिहावी लागते आणि असंख्य यंत्रांवर व प्रोग्रॅमांवर तपासावी लागते. २००६ मध्ये विंडोज एक्सप्लोररमधील एक त्रुटी विंडोज ९८ मध्ये बुजवणे व्यवहार्य नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगूनच टाकले. तेवढ्यासाठी त्या जुन्या प्रणालीचा मोठा भाग नव्याने रचावा लागला असता. जुन्या वाड्याची एक तुळई बदलायला जावे आणि माडीच उतरवावी लागावी, तसा प्रकार.

९/
त्याच विंडोज ९८ ने आणखी एक गोष्ट दाखवली: मुदत वाढू शकते. तिचा आधार जानेवारी २००४ मध्ये संपायचा होता. जगभर ती अजून वापरात असल्याने कंपनीने ऐनवेळी मुदत वाढवली आणि शेवट झाला ११ जुलै २००६ रोजी. म्हणजे आंब्याला आढी उतरण्याचा काळ असतो तसा सॉफ्टवेअरला नसतो. ते कुजत नाही, झिजत नाही. त्याची अंतिम तारीख माणसे बैठकीत ठरवतात, आणि माणसेच ती पुढे ढकलतात.

१०/
एक्सपीला दीर्घायुष्य मिळाले ते तिच्या वारसाच्या विलंबामुळे. विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांना मिळाली ३० जानेवारी २००७ रोजी, एक्सपीनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने. ‘वारस आल्यावर दोन वर्षे’ या कलमामुळे एक्सपीचा पहिला टप्पा एप्रिल २००९ पर्यंत लांबला आणि दुसरा एप्रिल २०१४ पर्यंत. मूळ धोरणात दुसरा टप्पा व्यावसायिक आवृत्त्यांपुरता होता. जानेवारी २००७ मध्ये तो एक्सपीच्या घरगुती आवृत्तीलाही दिला गेला. सनद एकच, पण तिच्यातही पंगतीभेद होता, आणि तो मिटवण्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागला.

११/
आता या कथेतील कळीचा मुद्दा. जुनी प्रणाली मुदत संपल्यावर होती तितकीच सुरक्षित राहते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती दर महिन्याला अधिक धोक्याची होते, आणि त्याला कारण ठरतात नव्या प्रणालीचे पॅच.

कल्पना करा, एकाच कारागिराने एकाच आराखड्यावर दोन गड बांधले आहेत. नव्या गडाच्या तटावर गवंडी एका ठिकाणी चोरवाट बुजवताना दिसले. हेराला दुसरे काय हवे? तो थेट जुन्या गडाच्या त्याच कोपऱ्याकडे जाईल. तेथे गवंडी येणार नाहीत, हे त्याला ठाऊक आहे.

१२/
हल्लेखोर नेमके हेच करतात. नवा पॅच निघाला की तो उलगडून पाहायचा, काय बदलले ते शोधायचे, आणि तीच त्रुटी जुन्या आवृत्तीत आहे का ते तपासायचे. ऑगस्ट २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः हा इशारा दिला होता. जुलै २०१२ ते जुलै २०१३ या काळात एक्सपीला लागू असलेली ४५ सुरक्षापत्रके निघाली. त्यांतील ३० विंडोज ७ आणि विंडोज ८ यांनाही लागू होती. तीन आवृत्त्या, पण हाडामांसाने एकाच घराण्याच्या.

१३/
८ एप्रिल २०१४ उजाडला, तेव्हा जगातील सुमारे पाव हिस्सा डेस्कटॉप संगणक एक्सपीवरच होते. हा निव्वळ आळस नव्हता. लाखो रुपयांचे तपासणी यंत्र, कारखान्यातील नियंत्रक, बँकेचे एटीएम यांचे प्रोग्रॅम एक्सपीसाठी लिहिलेले होते. ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची म्हणजे यंत्र बनवणाऱ्याकडून नवा प्रोग्रॅम मिळवायचा, नाही तर यंत्रच बदलायचे. यंत्राचे आयुष्य वीस वर्षांचे आणि त्याच्या पोटातील सॉफ्टवेअरची सनद दहा वर्षांची: हा विसंवाद कोणत्याही करारात लिहिलेला नव्हता.

१४/
त्या दिवशी एक्सपी ‘संपली’, हे मात्र सर्वांसाठी खरे नव्हते.
• घरगुती वापरकर्ता: पॅच बंद.
• ब्रिटिश सरकार: ५५ लाख पौंड मोजून आणखी एक वर्षाचा खास आधार. २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले नाही.
• अमेरिकी नौदल: २०१५ मध्ये ९१ लाख डॉलरचा करार.
• दुकानांतील बिलिंग यंत्रांसाठीची एक्सपीवर आधारलेली आवृत्ती: एप्रिल २०१९ पर्यंत पॅच चालू.
काही हिकमती लोकांनी आपल्या संगणकातील एक नोंद बदलून, ‘मी बिलिंग यंत्र आहे’ असे भासवून ते पॅच मिळवले. ते सामान्य एक्सपीसाठी तपासलेले नाहीत, असा इशारा कंपनीने दिला.

१५/
अंतिम तारखेनंतर अवघ्या २३ दिवसांनी, १ मे २०१४ रोजी, इंटरनेट एक्सप्लोररमधील एका गंभीर त्रुटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने एक्सपीलाही दिला, तोही मोफत. हा अपवाद असल्याचे कंपनीने बजावले. अपवाद दयाळूपणाचा होता, यात शंका नाही. परंतु त्यातून एक चुकीचा धडाही गेला: वेळ आली की दरवाजा उघडतो.

१६/
आता पुन्हा २०१७ कडे येऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने (एनएसए) विंडोजमधील एक त्रुटी स्वतःच्या हेरगिरीसाठी राखून ठेवली होती. तिच्यावर आधारलेले हत्यार ‘इटर्नलब्लू’. ते चोरीला गेले आणि १४ एप्रिल २०१७ रोजी ‘शॅडो ब्रोकर्स’ या टोळीने जगजाहीर केले. मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधी, १४ मार्चला, आधार चालू असलेल्या आवृत्त्यांसाठी पॅच काढला होता. पॅच ते वॉनाक्राय हे अंतर ५९ दिवसांचे.

१७/
आणि एक्सपीचा पॅच? हल्ल्याच्या रात्री खुल्या झालेल्या त्या फायलींवर डिजिटल स्वाक्षरीची तारीख फेब्रुवारी २०१७ ची होती. म्हणजे औषध त्या रात्री घाईने कुटलेले नव्हते. ते तीन महिने कपाटात तयार होते. पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी एक्सपीचे काम चालूच होते. थ्रेडच्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. ‘आधार संपला’ याचा अर्थ दुरुस्ती अशक्य झाली असा नव्हता. ती सर्वांना मिळण्याची हमी संपली होती.

१८/
तरीही दोषाचे सारे माप एक्सपीच्या पदरात टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या नोंदींनुसार वॉनाक्रायची लागण झालेल्या संगणकांपैकी सुमारे ९८ टक्के संगणक विंडोज ७ वर चालत होते. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० पर्यंत होता! पॅच मोफत होता, उपलब्ध होता, दोन महिने पडून होता. एक्सपीवर तर हा किडा बहुधा नीट चालतच नसे. संगणक निळा पडदा दाखवून बंद पडे. पाचव्या भागातील वाक्य आठवते का? औषध तयार होते. रोग्याने ते घेतले नव्हते.

१९/
ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये अहवाल दिला. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० आरोग्य ट्रस्टना झळ बसली. ६,९१२ भेटी रद्द झाल्याची नोंद मिळाली. प्रत्यक्ष आकडा १९,००० हून अधिक असावा, असा अंदाज होता. एक्सपी सोडण्याचा आराखडा करा, असे २०१४ मध्येच कळवले गेले होते. पॅच लावा, असे इशारे मार्च आणि एप्रिल २०१७ मध्ये गेले होते. पत्रे पोहोचली; ती अमलात आली की नाही, हे पाहणारी यंत्रणा मात्र नव्हती.

२०/
रुग्णालये अपडेट का टाळतात? कारण अपडेटनंतर यंत्र बंद पडले तर समोर रुग्ण असतो. ही भीती निराधार नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा त्याहून विध्वंसक हल्ला झाला, तो युक्रेनमधील एका करविषयक प्रोग्रॅमच्या अपडेटमधूनच शिरला. आणि आत आल्यावर इटर्नलब्लूही वापरून पसरला. त्याचा फटका मायर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि आपल्याकडे न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. दुरुस्तीची वाटच घुसखोरीची वाट झाली, तर माणसाने विश्वास कोणावर ठेवावा?

२१/
भारतातील एटीएमची कथा याच धाग्याची आहे. येथील कित्येक एटीएम एक्सपीवर चालत होते. मुंबईतील रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना टप्पे आखून दिले: आधार असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सर्व. एक्सपीची मुदत संपून तोवर चार वर्षे उलटली होती. तरी येथे एक फरक दिसतो. नुसता उपदेश न करता नियामकाने तारीख, प्रमाण आणि जबाबदारी तिन्ही नेमून दिले.

२२/
इतरांनी काय केले, ते थोडक्यात.
• उबंटू लिनक्सने जून २००६ मध्ये ६.०६ ही ‘दीर्घ आधारा’ची पहिली आवृत्ती दिली: डेस्कटॉपला तीन, सर्व्हरला पाच वर्षे.
• ॲपल मॅकच्या जुन्या आवृत्त्यांना काही काळ पॅच देते. पण सर्व ज्ञात त्रुटींची दुरुस्ती ताज्या आवृत्तीतच मिळेल, असे तिचे धोरण आहे.
• अँड्रॉइडला २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ने हादरवले आणि गुगलने मासिक पॅच सुरू केले. २०२३-२४ पासून गुगल आणि सॅमसंग आपल्या काही महागड्या फोनांना सात वर्षांचे अपडेट देऊ लागले. स्वस्त फोनांना ही हमी अनेकदा बरीच तोकडी असते.

२३/
मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ ही भयंकर त्रुटी उघड झाली आणि मायक्रोसॉफ्टने पुन्हा एकदा एक्सपीला पॅच दिला. या वेळी हल्ल्याची वाट न पाहता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली. अनेक चालते संगणक केवळ विंडोज ११ च्या यंत्रविषयक अटींत बसत नाहीत म्हणून मागे राहिले. त्यांच्यासाठी एका वर्षाचा वाढीव सुरक्षा-आधार आला: व्यक्तींना ३० डॉलर, किंवा सेटिंग्जची प्रत कंपनीच्या क्लाउडवर ठेवल्यास विनामूल्य, संस्थांना पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील व्यक्तींना तो मोफत मिळाला. २०१४ मध्ये सरकारांनी केलेला व्यवहार आता किरकोळ दुकानात आला.

२४/
कायदा आता या प्रांतात पाऊल टाकत आहे. इंटरनेटला जोडलेल्या घरगुती वस्तूला सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळतील, हे जाहीर करणे ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या सायबर-सुरक्षा कायद्याने हा काळ सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांचा ठेवला असून त्यातील मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. मुदत ठरवणे हा कंपनीचा एकटीचा अधिकार नाही, हे तत्त्व त्यातून रुजू पाहत आहे.

२५/
या पंचवीस वर्षांचा निष्कर्ष काय? जुन्या आवृत्तीला अनंत काळ सांभाळणे कोणालाच परवडणार नाही, हे मान्य. पण मुदत हा निसर्गाचा नियम नाही. ती एक वाटणी आहे: दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा आणि धोका कोणाच्या दारात ठेवायचा, याची. एक्सपीच्या बाबतीत पैसा असणाऱ्याला मुदतवाढ मिळाली आणि नसणाऱ्याला लाल चौकटीची धास्ती. आणि मुदत असूनही पॅच न लावणाऱ्याला तर कोणत्याच सनदेने वाचवले नाही.

२६/
म्हणून नवा फोन वा संगणक घेताना कॅमेरा आणि मेमरी यांच्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: याला सुरक्षेचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील? विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. आणि आज रात्री अपडेटची सूचना आली, तर ती ‘नंतर’वर ढकलण्यापूर्वी ते ५९ दिवस आठवा.

लेखनसीमा.